भित्तिपत्रक कोणासाठी?
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



संगीत-कला महोत्सवाच्या भित्तिपत्रकाविषयी दोन शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. गाण्याची, चित्रांची, रांगोळीची तयारी आपण महिनोन्‌महिने करतो. भित्तिपत्रक मात्र शेवटल्या आठवड्यात छापखान्याकडे धाडून मोकळ्या होतो. मग सभागृहात दिसतात त्या ओळखीच्याच पन्नास जणी. ज्यांना आपण ओळखत नाही त्यांना बोलावण्याचे काम हा कागद करावयाचा असतो.

तो वाचणार कोण? हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचे बोट, समोरून बस येताना दिसते आहे, अशी बाई. ती थांबणार नाही. काय आहे, केव्हा आहे, कोठे आहे, एवढे तिला चालता चालता कळले पाहिजे. आणि आणखी एक : तिने यावयाचे की नाही? ‘मंडळ’ हा शब्द वाचला की पुष्कळ जणींना वाटते, हे सभासदांपुरतेच असेल. ‘सर्वांस प्रवेश विनामूल्य’ ही ओळ कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत घातली, तर ती घातलीच नाही असे समजावे.

पाट्या रंगविणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : दहा फुटांवरून सहज वाचावयाचे तर अक्षर निदान इंचभर उंच हवे. आपल्या लिपीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. ओळीला ओळ भिडविली की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. ठसा फार जाड घेतला तर ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ लांबून सारखेच. एखाद्या गायिकेच्या आडनावात असे झाले तर तिने आपल्याला काय म्हणावे! कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी लिहिली, की नुसत्या अक्षरांवरून नाटकाचा स्वभाव कळावा. संगणकातली दहा वळणे एका कागदावर उधळण्यापेक्षा आपल्यातल्याच एखादीने शीर्षक हाताने लिहिले तर? रांगोळी काढणारे हात आहेत ते.

चित्र एकच पुरे. तूलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकाराने १८९१ साली पॅरिसच्या मूलँ रूझ या नृत्यगृहासाठी भित्तिपत्रक केले. मधोमध एक नर्तकी. मागची गर्दी म्हणजे नुसत्या काळ्या सावल्या. रंग चार. आपण मात्र तंबोरा, तबला, घुंगरू, मोर आणि सरस्वती, सर्वांनाच एका कागदावर बसवतो.

आता थोडे अप्रिय बोलते. देणगीदारांची छायाचित्रे भित्तिपत्रकावर नकोत. त्यांचे ऋण मोठे आहे; ते स्मरणिकेत छापावे, व्यासपीठावरून सांगावे. पण रस्त्याने जाणारीला गाणे ऐकावयाचे आहे. त्या जागेत तबला व संवादिनीची साथ करणाऱ्यांची नावे येऊ द्या; ती दरवेळी गळतात. आणि शेजारच्या वस्तीतल्या ज्या मुली प्रथमच गाणार आहेत, त्यांचीही. ‘इतर कलाकार’ असे छापले, तर त्यांच्या घरून कोण येणार? नाव छापले तर आजीपासून सारे घर येईल.

प्लॅस्टिकचा फ्लेक्स स्वस्त पडतो खरा. पण तो कुजत नाही. कागदच बरा. वाटेल त्या भिंतीवरही चिकटवू नये. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. दुकानदारांना विचारून त्यांच्या काचेवर आतून लावावे, नि महोत्सव संपताच उतरवावे. फोनवरून तेच पत्रक धाडाल तेव्हा ते तळहाताएवढे होते, हेही ध्यानात असू द्या.

कच्चा नमुना येईल तेव्हा तो समोरच्या भिंतीला लावावा, आणि महोत्सवाची काहीच माहिती नसलेल्या एखाद्या शेजारणीला दहा पावलांवरून वाचावयास सांगावे. तारीख आणि वार जुळतात की नाही, ते मात्र दिनदर्शिका हातात घेऊन दोघींनी पाहावे.