शेजारधर्माची वही
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. या प्रसंगी ‘माझ्यावर संस्कार करणारी व्यक्ती’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांनी आज्ञा केली. मी काही वक्ता नव्हे. सांगलीच्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयातून बी. कॉम. झालो आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी कापड पेठेतील दुकानाच्या गादीवर बसविले. तेव्हापासून हातात मीटरपट्टी आणि कीर्द-खतावणी एवढेच. तरीही ही आज्ञा मी आनंदाने मान्य केली, कारण एक जुने देणे माझ्या नावे बाकी आहे आणि ते चारचौघांसमोरच फेडावे, असे मनाने घेतले आहे.

आपल्यापैकी अनेकांना अपेक्षा असेल की मी एखाद्या मुनिमहाराजांविषयी अथवा समाजातील दानशूर पुरुषाविषयी बोलेन. मी बोलणार आहे ते गावभागातील माझ्या शेजाऱ्याविषयी. ते आपल्या समाजाचे नव्हते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले साधे कारागीर. सारी गल्ली त्यांना ‘तात्या’ म्हणत असे. गेल्या वर्षी पौष महिन्यात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आमची आणि त्यांची भिंत एक. त्यांच्या अंगणात एक लाकडी शिडी कायम भिंतीला टेकलेली असे. गल्लीत कोणाची कौले फुटोत, कोणाच्या विहिरीत कळशी पडो, कोणाचा दिवा जावो, ती शिडी घराबाहेर पडे आणि बहुधा तिच्यामागून तात्याही बाहेर पडत. मिरजेच्या दवाखान्यात रात्री-अपरात्री रुग्ण न्यायचा असेल तर रिक्षात पुढच्या बाजूला तात्या बसलेले असायचे. केलेल्या कामाचा उल्लेख त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आम्ही व्यापारी माणसे. कोणाला काय दिले, याची नोंद कीर्दीत त्याच दिवशी करतो. तात्यांनी अशी कीर्दच कधी घातली नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मला संकोच होतो. १९९८ साली मी घराचा वरचा मजला बांधला. नव्या गच्चीच्या पन्हळीचे पाणी थेट तात्यांच्या अंगणात पडू लागले. ते एकदाच आले आणि शांतपणे म्हणाले, “शेठ, पन्हळ थोडी वळवून घेतली तर बरं होईल. भिंतीत ओल धरते आहे.” पैसा नुकताच हाती खेळू लागला होता. मी उत्तर दिले, “नकाशा मंजूर आहे. तक्रार असेल तर लेखी करा.” तात्यांनी तक्रार केली नाही, ते पुन्हा त्या विषयावर बोललेही नाहीत. बोलणे बंद झाले ते माझ्याकडूनच. सात वर्षे मी त्यांच्या दारावरून मान वळवून जात राहिलो.

आणि याच सात वर्षांत, बंधू-भगिनींनो, दर भाद्रपदात मी दशलक्षण पर्वात नित्यनेमाने मंदिरात येत होतो. पहिल्या दिवशी उत्तम क्षमेवरील प्रवचन पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो. क्षमावाणीला दुकानातर्फे छापील कार्डे निघत. यादीत तात्यांचेही नाव होते. दुकानातला मुलगा ते कार्ड त्यांच्या घरी टाकून येई. मी मात्र त्या भिंतीपलीकडे गेलो नाही.

२००५ चा महापूर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. जुलैच्या अखेरीस पाणलोट क्षेत्रात अतोनात पाऊस झाला, कोयनेतून विसर्ग वाढला आणि कृष्णामाई आयर्विन पुलापाशी त्रेपन्न फुटांच्या वर गेली. त्या संध्याकाळी मी कापड पेठेत तागे माळ्यावर चढविण्यात गुंतलो होतो. घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, पत्नी आणि दोन मुले. पाणी कधी दारात आले, हे मला समजलेच नाही. मध्यरात्री कसाबसा घरी पोहोचलो तेव्हा आई वरच्या मजल्यावर सुखरूप होती. तिला खुर्चीत बसवून तात्यांनी आणि गल्लीतील दोन तरुणांनी वर नेले होते. दुकानाच्या सर्व चोपड्याही कपाटातून काढून, धोतरात बांधून, वर आणून ठेवल्या होत्या. ज्या मजल्याच्या पन्हळीने त्यांची भिंत ओली केली होती, त्याच मजल्यावर त्यांनी माझे घर वाचविले होते.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर छातीभर पाण्यातून तात्या आले. डोक्यावर पितळी कळशी, तिच्या तोंडाला पांढरे फडके, आणि दुसऱ्या हातात डबा. जिन्यातूनच त्यांनी हाक मारली, “आक्का, पाणी दुहेरी फडक्यातनं गाळून उकळलंय. मुगाची खिचडी आहे. कांदा-लसूण, बटाटा काही नाही. दिवस मावळायला अजून पाऊण तास आहे, आधी जेवून घ्या.”

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. ती रोज एकाशन करीत असे; घरातला गोंधळ पाहून तिने त्या दिवशी उपवासच धरायचे ठरविले होते. आमचे व्रत-नियम आम्ही त्यांना कधी समजावून सांगितले नव्हते. भिंतीपलीकडे राहून तीस वर्षांत त्यांनी ते जाणून घेतले होते आणि ऐन पुरातही ते पाळले जावेत म्हणून सूर्याकडे पाहून ते निघाले होते. पाणी ओसरेपर्यंत एक दिवसही त्यांची वेळ चुकली नाही.

पूर उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पन्हळ वळवून घेतली. महिन्याभराने दशलक्षण पर्व आले. क्षमावाणीच्या दिवशी निश्चय करून मी त्यांच्या दारात गेलो. तात्या अंगणात बसून आमचीच पाण्याची मोटर दुरुस्त करीत होते. “या शेठ,” म्हणाले आणि हातातला पान्हा खाली ठेवून पाट पुढे केला. मी बसलो. मोटरविषयी बोललो, वायंडिंगच्या खर्चाविषयी बोललो, चहा घेतला आणि उठून आलो. जे बोलावयास गेलो होतो ते ओठांवर आलेच नाही. त्या वर्षीचे छापील कार्ड नेहमीप्रमाणे त्यांच्या घरी गेले.

त्यानंतर बोलणे सुरू झाले, येणे-जाणे वाढले. त्यांनीच मला नदी वाचावयास शिकविले. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. तात्या म्हणत, “माणसानं इशाऱ्यालाच हलावं. धोक्याची वाट बघत बसू नये.” ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, २००५ पेक्षाही अधिक. परंतु इशारा पातळी गाठण्यापूर्वीच आम्ही तागे हलविले होते आणि गल्लीतील वृद्ध मंडळी उंचावरील भागांत नातेवाइकांकडे पोहोचली होती. कोणास कोठे पोहोचवावयाचे, याची यादी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तात्यांच्या हातात होती.

त्यांच्या निधनानंतर तेराव्या दिवशी त्यांच्या चिरंजीवांनी मला एक वही दाखविली. शाळकरी मुलांची असते तशी, दोनशे पानी. गल्लीतील प्रत्येक घरासाठी एक पान. घरातील माणसे, त्यांचे रक्तगट, कोणास मधुमेह, कोणास दम्याचा विकार, कोणाची मुले पुण्यात वा परदेशात आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक. आमच्या पानावर आईच्या नावापुढे लिहिले होते, ‘पाणी गाळून. जेवण दिवस मावळायच्या आत.’ आई २०११ साली गेली. त्यांनी ती ओळ खोडलेली नव्हती.

त्याच पानात आठ क्षमावाणीची कार्डे जपून ठेवलेली होती. मी ती एकेक करून पाहिली. एकावरही माझी सही नव्हती. खाली केवळ दुकानाचे नाव छापलेले होते.

निघताना चिरंजीव सहज बोलून गेले की, पुराच्या त्या संध्याकाळी तात्या आमच्याकडे चोपड्या वर नेत असताना त्यांच्या खोलीत पाणी शिरले आणि त्यांच्या दिवंगत पत्नीचा एकुलता एक फोटो भिजून गेला. इतकी वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलो, पण ही गोष्ट तात्यांनी मला कधीही कळू दिली नाही.

आपल्या दशधर्मांत नववा धर्म आकिंचन्य. ‘माझे असे काही नाही’ हा भाव. त्यावरील प्रवचने मी पुष्कळ ऐकली. त्याचे आचरण मात्र भिंतीपलीकडे चालले होते, आणि आचरण करणाऱ्यास तो शब्दही बहुधा ठाऊक नसावा.

आज ते नाहीत. तरीही आपणा सर्वांच्या साक्षीने मी म्हणतो : तात्या, मी चुकलो. मला क्षमा करा. हे शब्द त्यांच्या अंगणात, त्या पाटावर बसून उच्चारावयास हवे होते. तेव्हा ऐकणारा समोर होता आणि ‘असू द्या शेठ’ म्हणणाराही तोच होता. आता ती सोय राहिलेली नाही.

विश्वस्तांना एक नम्र विनंती करून मी माझे भाषण संपवितो. सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक उपक्रम होतील. त्यात प्रत्येक गल्लीसाठी अशी एक वही तयार करावी. ती आपल्याच समाजापुरती न ठेवता गल्लीतील प्रत्येक घराला तीत एक पान द्यावे. वह्या मी दुकानातर्फे देईन. आमच्या गल्लीची वही आता मी लिहितो आहे. मात्र त्यासाठी घरोघरी जाऊन बसावे लागते, हे मला या वयात समजले.

आणि बंधू-भगिनींनो, येत्या क्षमावाणीला कार्ड पाठवावयाचे असेल तर जरूर पाठवा. परंतु ज्या एका घरी जाण्यास पाय जड होतात, त्या घरी स्वतः जा.

कैलासवासी तात्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आपली रजा घेतो. जय जिनेंद्र.