न दिसणारा जोड
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज सरांना आणि बाईंना दिलेली अ‍ॅक्रिलिकची स्मृतिचिन्हं आमच्या वर्कशॉपची. सकाळपासून तिघांनी विचारलं, "काय गा, हे कायनं चिपकवलं? जोड त दिसूनच नाही राह्यला!" म्हणून मिळालेली पाच मिनिटं त्यावरच बोलतो.

खरं म्हणजे ते चिकटवलेलं नाहीच. फेव्हिकॉल लाकडाच्या छिद्रांत शिरून सुकतो. अ‍ॅक्रिलिकला छिद्रंच नाहीत. फेविक्विकनं जोडाभोवती पांढुरकी झाक येते. आम्ही क्लोरोफॉर्म किंवा एमडीसी वापरतो. ते दोन्ही कडा किंचित विरघळवतं, त्या एकमेकींत मिसळतात, सॉल्व्हंट उडून जातं आणि दोनाचं एक प्लास्टिक होतं. मध्ये तिसरं काही उरत नाही, मग दिसणार काय?

कडा पॉलिश पेपरनं सपाट करायच्या, तुकडे टेकवायचे आणि सिरिंजच्या सुईनं थेंब सोडायचा. तो फटीतून आपोआप धावतो. सरांनी काचेच्या नळीत दाखवलेलं केशाकर्षण ते हेच! जोड मिनिटाभरात धरतो, पण पुरी ताकद यायला एक-दोन दिवस लागतात. लेझरनं कापलेल्या कडेत ताण राहतो. तिला सॉल्व्हंट लागलं की केसासारख्या चिरा पडतात. स्पिरिटनं पुसल्यावरही तेच होतं, म्हणून स्मृतिचिन्हं ओल्या मऊ फडक्यानंच पुसा.

आपल्या वऱ्हाडाची हवा यात परीक्षा पाहते. एमडीसी ४० अंशांना उकळतं आणि मे महिन्यात आपला पारा त्याच्याही वर. ते फटीत पोचण्याआधीच उडतं, जोडात बुडबुडे राहतात. म्हणून उन्हाळ्यात जोडकाम भल्या सकाळी. पावसाळ्यात उडणाऱ्या सॉल्व्हंटच्या गारव्यानं हवेतली ओल जोडावर बसते आणि तो पांढरा पडतो.

आता खरा मुद्दा. १८४७ साली एडिंबर्गमध्ये सिम्प्सन यांनी भूल देण्यासाठी वापरलं, ते हेच क्लोरोफॉर्म. ते यकृताला घातक आहे. एमडीसीचा शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतो. ओळखीच्या एका दुकानात, वाऱ्यानं सॉल्व्हंट वाया जातं म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. १९ वर्षांचा पोरगा काम करता करता भोवळ येऊन पडला. कोणीतरी वेळेत बाहेर ओढला म्हणून वाचला. आता तो माझ्याकडे आहे. दोन रुपयांचं सॉल्व्हंट वाचवायला गेले आणि कोणाचं तरी लेकरू जात होतं.

ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. म्हणून आमचा एक्झॉस्ट पंखा जमिनीलगत आहे. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही. तुमच्यापैकी काहींची वर्कशॉपं आहेत, काहींची मुलं प्रोजेक्टसाठी हे घरी आणतात. तेवढी एक खिडकी उघडी ठेवा.