वाढ मोजताना

(हीरक महोत्सवी समारंभात शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



या शाळेच्या व्हरांड्यातील एका खांबावर आमच्या वर्गाच्या उंचीच्या खुणा असत. दरवर्षी नवी रेघ पडे. एका वर्षी मी बूट घालूनच उभा राहिलो आणि एकदम दोन बोटे उंच झालो. बाईंनी रेघ पुसली आणि एवढेच म्हणाल्या, “ही वाढ तुझी नव्हे, बुटांची.” मध्य प्रदेशातील जंगलांत साठलेला कार्बन मोजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्या कामाचे मर्म बाईंच्या त्या वाक्यात आहे.

झाड हवेतील कार्बन डायॉक्साइड घेते आणि त्यातील कार्बन लाकडात साठवते. प्रत्येक झाड तोडून त्याचे वजन करता येत नाही. म्हणून आपल्याकडे छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजतात. घेर, उंची आणि लाकडाची घनता यांवरून सूत्राने कोरडे वजन काढतात. त्याचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो. मुळे, पडलेली लाकडे, पालापाचोळा आणि माती यांचा हिशेब वेगळा; आपल्या वनांतील निम्म्याहून अधिक साठा तर मातीतच आहे.

परंतु साठा मोजणे निराळे आणि त्यातील बदल मोजणे निराळे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात देशाच्या वनांतील कार्बन ७,२०४ दशलक्ष टन आहे. २०२३च्या अहवालात ७,२८५.५ दशलक्ष टन. फरक सुमारे १.१ टक्का. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून इतकी लहान संख्या उरते, तेव्हा मोजणीतील बारीकशी चूकही तिला गिळून टाकू शकते. आमच्या पानझडी जंगलात सागाचा घेर वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, कधी तेवढाही नाही. टेप थोडी वरखाली सरकली, की वर्षाची वाढ नाहीशी!

नोकरीच्या सुरुवातीस आम्ही एका जुन्या क्षेत्राची फेरमोजणी केली. कित्येक झाडे आधीपेक्षा बारीक निघाली. उन्हाळ्यात खोड किंचित आकसते, पण इतके नव्हे. रात्री कंदिलाच्या उजेडात मी आकडे ‘सुधारायला’ बसलो. सोबतच्या वयस्क गोंड वनमजुराने मला थांबवले आणि सकाळी पुन्हा झाडांपाशी नेले. खोडांवरचे जुने रंगाचे पट्टे विटले होते. आम्ही टेप पट्ट्याच्या वर लावली होती. तीन दिवसांचे काम पुन्हा केले. त्याचा संकोच आजही वाटतो.

तमिळनाडूतील मुदुमलै येथे भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये आखलेल्या ५० हेक्टर क्षेत्रात झाडांची अशी नोंद सातत्याने होत आली आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला ‘निसार’ उपग्रह आता रडारने वने न्याहाळतो. तरी त्याच्या संकेतांचे टनांत रूपांतर करण्यास जमिनीवरची टेपच लागते.

२०३० पर्यंत वने व वृक्षांद्वारे २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायॉक्साइडएवढा अधिक साठा निर्माण करण्याचे वचन आपल्या देशाने जगाला दिले आहे. बूट घालून मोजलेल्या वाढीने कागद भरतील, उष्मा कमी होणार नाही.

म्हणून शाळेला एक विनंती. आवारातील कडुनिंबावर आज एक पट्टा रंगवू. दरवर्षी याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर, मुलांनी त्याचा घेर मोजावा आणि जो आकडा येईल तोच लिहावा. वाढ दिसली नाही तरी तोच.