आधी भोक, मग कोयरी

गावात एखादी जुनी बैलगाडी मोडीत निघते, तेव्हा तिच्या बाभळीच्या तुकड्यांचे काय होते? बहुतेक चुलीत जातात. पण वर्षानुवर्षे वाळलेले, न चिरलेले असे बाभळीचे लाकूड विकत घ्यायला गेलात तरी सहजी मिळायचे नाही. त्यातून कुंकवाची कोयरी सुरेख होते. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला तर हे फार चांगले काम. अडचण एकच. कोयरीच्या पोटात कुंकू राहण्यासाठी रुंद पण उथळ भोक पाडावे लागते, आणि घट्ट लाकडात नेमके तिथेच घोडे अडते.

माझ्या हाताखालच्या एका मुलाने दोन दिवस खपून आंब्याच्या आकाराची सुंदर कोयरी घासून तयार केली. मग ती डाव्या हातात धरून तिच्यावर विजेचे ड्रिल लावले. पाते लाकडात अडकले, कोयरी गर्रकन फिरली, तिचे टोक त्याच्या अंगठ्यावर बसले आणि तिथेच तुटले. अंगठा आठ दिवसांत बरा झाला, कोयरी मात्र गेली. दोष त्या मुलाचा नव्हता. कामाचा क्रम मी त्याला सांगितला नव्हता. तो क्रम आज तुम्हाला सांगतो.

प्रथम हे असे का होते ते पाहू. वाळलेले सागवान घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते, बाभूळ सुमारे ८०० किलो, आणि खैर तर हजाराच्या घरात जातो. लाकूड जितके भरीव तितके पात्याला जड. त्यात भोक रुंद. दहा मिलिमीटरच्या भोकापेक्षा चाळीस मिलिमीटरचे भोक चौपट रुंद असते, पण त्याचे क्षेत्रफळ सोळापट भरते. म्हणजे तितक्याच खोलीला सोळापट लाकूड काढायचे. आणि पात्याचा काठ मधल्या टोकापासून लांब, म्हणून लाकडाला फिरवण्याचा जोरही मोठा. तो जोर हाताच्या पकडीला आवरत नाही.

वेगाचाही हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. दहा मिलिमीटरचे पाते मिनिटाला १५०० फेऱ्या फिरले, तर त्याचा काठ सुमारे ४७ मीटर धावतो. चाळीस मिलिमीटरचे पाते तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवले, तर काठ १८८ मीटर धावेल! मग लाकूड कापले न जाता करपते, धूर येतो, आणि साध्या पोलादाचे पाणी उतरते. तेच पाते ४०० फेऱ्यांवर आणले की काठ पुन्हा ५० मीटरच्या आसपास येतो. तेव्हा ध्यानात ठेवा : पाते रुंद, तर फेऱ्या कमी.

आता पाते कोणते घ्यावे? सुताराच्या गिरमिटाला मध्ये स्क्रूसारखे लांब टोक असते. ते लाकडात ओढत जाते, आणि उथळ भोकात आपला तळ गाठण्याआधीच पलीकडे बाहेर डोकावते. अशा कामाला फोर्स्टनरचे पाते बरे. बेंजामिन फोर्स्टनर हे अमेरिकेतील बंदुकांचे कारागीर. त्यांनी १८७४ साली या पात्याचे पेटंट घेतले. यात वाट दाखवण्याचे काम मुख्यतः गोल काठ करतो आणि आतली धार तळ तासत जाते. म्हणून तळ सपाट निघतो, मध्ये फक्त टोकाची लहानशी खूण राहते.

आता क्रम ऐका. पंचवीस मिलिमीटर जाडीचा, चांगला लांबरुंद तुकडा घ्या. त्यावर कोयरी रेखा, पण कापू नका. तुकडा बाकाला शेगड्यात घट्ट आवळा. मग चाळीस मिलिमीटर रुंद आणि बारा मिलिमीटर खोल भोक पाडा. एका दमात नाही, बरं का! थोडे कापावे, पाते वर घ्यावे, भुसा झाडावा, हात लावण्यापूर्वी यंत्र थांबवावे. भोक झाल्यावर मगच बाहेरचा आकार करवतीने कापा आणि कानशीने घासा. कापून टाकायचे ते जादा लाकूडच तोवर तुमची पकड असते. यंत्रावर हातमोजे, सैल बाही, बांगड्या चालत नाहीत. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला फडके मात्र हवे.

रुंद पाते नसेल तर? तरीही अडत नाही. कंपासने वर्तुळ काढा. सहा मिलिमीटरच्या पात्यावर अकरा मिलिमीटरवर दोरा गुंडाळा, ही खोलीची खूण. वर्तुळाच्या आत जवळजवळ भोके पाडा. मधल्या भिंती पटाशीने मधून काठाकडे पाडत या, आणि शेवटी गोल पटाशीने काठ साफ करा. राहिलेला एक मिलिमीटर तळ सारखा करण्यासाठी आहे. काडी उभी धरून चारी बाजूंची खोली मोजत जा. वेळ अधिक लागेल, पण पटाशीला धार असली तर काम देखणे होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना आधी आकार घडवायची घाई असते, कारण आकार डोळ्यांना दिसतो. भोक हे त्यांना किरकोळ वाटते. म्हणून पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवा : आधी भोक, मग कोयरी. एवढे एक वाक्य पाळले, तर मुलाचा अंगठा वाचेल आणि गाडीचे जुने लाकूड चुलीत न जाता कुणाच्या तरी देवघरात जाईल.