घरभेटीची पिशवी

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा परिचारिकांसाठी सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तो करून अनेकजणी उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी झाल्या.

त्यातलं लसीकरणाचं वेळापत्रक, साथरोगांची माहिती मोबाइलवर रात्रीही वाचता येते. नोकरी सांभाळून शिकणारीला ते सोयीचंच. घरभेट मात्र करूनच शिकावी लागते. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, साबण काढून हात धुवायचे, मगच उपकरणांना हात लावायचा. सहा महिन्यांवरच्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, हे पाठ होतं. पण बाळ हात आखडून रडत असताना मापाची पट्टी ना घट्ट, ना सैल बसवायची कशी? त्यासाठी अंगणवाडीच गाठावी लागते, आणि शेजारी जाणती ताई हवी.