हरलेल्या संघाचा दुसरा सामना



पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या कामगार वस्तीत कबड्डीचे सामने भरत. एकदा लांबच्या गावाहून एक संघ आला. पोरांनी गाडीभाड्यासाठी घरोघर वर्गणी मागितली होती. पहिलाच सामना ते हरले आणि रात्रीच्या गाडीने परत गेले. पुढल्या वर्षी ते आले नाहीत. सामने भरवणाऱ्यांत मीही होतो. आपले काही चुकले, असे त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच वाटले नाही.

ते काय चुकले, हे मला फार उशिरा, स्वीडनमधल्या एका स्पर्धेची हकिकत वाचताना कळले. गोथेनबर्ग शहराला लागून पूर्वेस पार्टिले नावाचे गाव आहे. तेथे १९५० साली सेवेहोफ हा क्रीडासंघ निघाला. त्याने १९७० पासून मुलामुलींसाठी हँडबॉलचे सामने भरवायला आरंभ केला. हा सात-सात गड्यांचा खेळ. चेंडू हाताने फेकून गोल करायचा. डेन्मार्कमधील होल्गर नीलसन नावाच्या शिक्षकाने १९०६ साली त्याचे नियम छापले आणि तो शेजारच्या देशांत रुजला. स्वीडनने तर १९५४ साली जगज्जेतेपदही मिळवले. तेव्हा गावात खेळाची आवड होतीच. पण नुसत्या आवडीवर स्पर्धा वाढत नाही.

आज 'पार्टिले कप'ला अनेक देशांतून हजाराच्या वर संघ येतात. हे कसे साधले? एक तर स्पर्धा उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवली. शाळा रिकाम्या असतात, मुले वर्गांतच पथारी टाकतात. दुसरे, बंदिस्त सभागृहे पुरत नाहीत म्हणून सामने उघड्यावर खेळवले. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आधी प्रत्येक गटात साखळी सामने होतात; वरचे संघ एका बाद फेरीत जातात आणि मागे राहिलेल्यांसाठी दुसरी बाद फेरी असते. हरलेल्याला लगेच बिछाना गुंडाळावा लागत नाही.

आता आपला हिशेब करा. बत्तीस संघ बाद पद्धतीने खेळले, तर एकतीस सामन्यांत सगळे उरकते, आणि सोळा संघ एकेका सामन्यानंतर घरी जातात. चार-चारांचे गट पाडले, तर नुसत्या साखळीचेच अठ्ठेचाळीस सामने होतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला तीन येतात. एवढी मैदाने आणि पंच आणायचे कोठून, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण ढालीच्या उंचीवर आणि पाहुण्यांच्या हारांवर आपण खर्च करतोच ना?

युनियनच्या कामात मी एक गोष्ट शिकलो. जिंकलेल्या संपानंतर सभा आपोआप भरते. हरलेल्या संपानंतर जो कामगार पुन्हा सभेला येतो, त्याच्यावर संघटना उभी राहते; पण त्याला बोलावणारे कुणी तरी लागते. येत्या मोसमात आपल्या मंडळांनी हरलेल्या संघाला एक तरी सामना जास्त द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.