शिक्षकाचे नेतृत्व : बदलीनंतर उरणारे काम

(प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात केलेले भाषण)



‘नेतृत्व’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर व्यासपीठ, हारतुरे आणि ध्वनिक्षेपक उभे राहतात. शिक्षकाच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. तरीही खेड्यातील माणूस अर्ज लिहिण्यापासून मुलीच्या पुढील शिक्षणापर्यंत अनेक बाबतींत गुरुजींचा किंवा बाईंचा सल्ला घेतो. हा विश्वास म्हणजेच नेतृत्वाचे बीज होय. त्याची मशागत कशी करावी, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

माहिती खात्याच्या कामानिमित्त गावोगाव हिंडताना एक अनुभव मला वारंवार आला. एखाद्या शाळेची बाग आणि वाचनालय पाहून मन प्रसन्न होते. दोन वर्षांनी त्याच गावी जावे, तर बाग सुकलेली आणि पुस्तकांचे कपाट कुलूपबंद. चौकशी केली की उत्तर ठरलेले : “त्या गुरुजींची बदली झाली.” त्या गुरुजींच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात होती, हेही तितकेच खरे. कर्तबगारी आणि नेतृत्व यांतील अंतर येथेच आहे. कर्तबगार माणूस काम स्वतः करतो. नेता ते काम करणारी माणसे तयार करतो.

या दृष्टीने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य अभ्यासण्यासारखे आहे. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे १९४५ मध्ये त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येत नसत. कोणी गुरे राखी, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळी. आईबापांना दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. तसे न करता त्यांनी शाळाच मुलांपाशी नेली. वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरली. गुरे चरत त्या कुरणात कुरणशाळा भरली. लोकांची अडचण आधी समजून घेणे आणि मग मार्ग काढणे, हे नेतृत्वाचे पहिले कौशल्य होय. दुसरे कौशल्य याहून अवघड आहे. ते म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर सोपविणे. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या, पण कार्य थांबले नाही. अनुताईंनी ते पुढे वाढविले.

आपल्या हाती यासाठी एक साधन आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. मात्र सभा केवळ सह्यांपुरती झाली, तर हे साधन कागदावरच राहते. मोलमजुरी करणाऱ्या मातेला दुपारची सभा कशी साधणार? तिच्या सोयीची वेळ ठेवा. तिला आधी बोलू द्या. तिची सूचना तिच्या नावानिशी इतिवृत्तात नोंदवा आणि पुढील सभेचा आरंभ त्या सूचनेचे काय झाले, हे सांगून करा. दोन-चार सभांनंतर ती आपण होऊन बोलू लागेल.

हाच नियम वर्गातही लागू आहे. पुस्तकांची देवघेव मुलांनी सांभाळावी, झाडांना पाणी घालण्याच्या पाळ्या त्यांनीच ठरवाव्यात. एखादे पुस्तक हरवेल, एखादे रोप वाळेल. तेवढी चूक पोटात घालावी. चुकण्याची मोकळीक दिल्याशिवाय जबाबदारीची जाणीव रुजत नाही.

येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांनाही एक विनंती आहे. बदलीच्या वेळी शिक्षक टेबल-खुर्च्यांचा हिशेब देऊन कार्यभार सोपवितो. त्याच वेळी कोणत्या पालकाने काय पत्करले आहे आणि कोणते काम अर्धे राहिले आहे, याचीही लेखी नोंद व्हावी. नव्या शिक्षकाची त्या माणसांशी ओळख करून द्यावी.

मित्रहो, बदली आज ना उद्या होणारच. गाव निरोपाचा नारळ देईल, काहींचे डोळेही पाणावतील. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाचे कपाट कोणी तरी उघडले काय, यावरच आपल्या नेतृत्वाची परीक्षा होणार आहे. ती किल्ली आजच दुसऱ्याच्या हाती द्या, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.